जकार्डची सुई आणि फाइलचा प्रवाह

सोलापुरी चादर सगळ्यांना ठाऊक आहे. तिच्यावरचा मोर यंत्रमागाला कोण सांगतं, हे मात्र फार थोड्यांना. सी प्लस प्लसमध्ये फाइल वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या 'स्ट्रीम क्लास'बद्दल लिहा, असं संपादकांनी सांगितलं, तेव्हा मी पुस्तक उघडण्याआधी सोलापूरच्या पूर्व भागातला एक कारखाना गाठला. तिथे हेच काम लाकूड, लोखंड आणि पुठ्ठा करतात.

इतिहास थोडक्यात. सोलापुरात १८७७ साली 'जुनी मिल' म्हणून ओळखली जाणारी कापड गिरणी सुरू झाली. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी आधी हातमाग आणि पुढे यंत्रमाग घरोघरी रुजवले. नक्षीचं यंत्र मात्र फ्रान्सचं, ल्यों शहरातल्या जोसेफ मारी जकार्ड यांचं, १८०४ सालचं. त्याची भोकांची कार्डं चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या नियोजित गणनयंत्रासाठी उचलली.

कारखान्यात मागाचा खडखडाट इतका की बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागतं. मागाच्या डोक्यावर कार्डांची माळ फिरत असते. एक कार्ड पुढे येतं आणि सुयांच्या रांगेवर दाबलं जातं. जिथे भोक आहे तिथे सुई आत शिरते, तिचा आकडा जागेवर राहतो, वर उचलला जातो आणि ताण्याचा धागा उठतो. जिथे भोक नाही तिथे पुठ्ठा सुईला मागे रेटतो आणि धागा खालीच राहतो. मधून धोटा निघून जातो, मग पुढचं कार्ड. सुईला मोर ठाऊक नसतो. तिला फक्त आत्ताचं भोक कळतं. मी त्या सुयांपुढून बराच वेळ हललो नाही.

स्ट्रीमचं मर्म हेच. फाइल कितीही मोठी असो, 'आयएफस्ट्रीम'ची वस्तू तिच्यातून एकेक तुकडा क्रमाने पुढे ओढते आणि आपण कुठवर आलो, एवढं ध्यानात ठेवते. 'ओएफस्ट्रीम' लिहिते. ब्यार्ने स्ट्राउस्ट्रुप यांची ही मूळ कल्पना जेरी श्वार्ट्झ यांनी बेल लॅब्जमध्ये नव्याने रचली. 'आयएफस्ट्रीम'ला वाचण्याचं कसब 'आयस्ट्रीम' या मूळ क्लासकडून वारशाने मिळतं. त्यामुळे कळफलकावरून वाचणारं फंक्शन तसंच्या तसं फाइलवरूनही वाचतं. मोराची माळ उतरवून वेलबुट्टीची चढवली, तरी माग बदलावा लागत नाही.

पण माळेची दोन टोकं शिवलेली असतात, ती संपत नाही. फाइल संपते, आणि नवशिके तिथेच अडखळतात. वाचण्याआधी 'फाइल संपली का?' असं विचारलं की बहुतेकदा शेवटची नोंद दोनदा येते, कारण शेवट ओलांडून वाचायचा प्रयत्न फसल्यावरच स्ट्रीमला शेवट कळतो. म्हणून वाचन जमलं की नाही, हीच लूपची अट हवी. लिहिताना धोका अधिक. 'ओएफस्ट्रीम'ने जुनी फाइल नुसती उघडली तरी आतला मजकूर पुसला जातो. शेवटी भर घालायची तर 'अपेंड' सांगावं लागतं.

कारखान्यात मागांची देखभाल करणारे जॉबर, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, फाटक्या कार्डाला ठिगळ लावत होते. "चार कार्डं गळाली की मोराची मान तुटती," ते म्हणाले. खरी काळजी वेगळीच आहे. इलेक्ट्रॉनिक जकार्ड कार्डांऐवजी संगणकातली फाइल वाचतं. नवी नक्षी पडद्यावर तयार होते. जुन्या नक्ष्या मात्र पुठ्ठ्यातच आहेत, आणि पुठ्ठा दमट हवेत फुगतो, उंदीर कुरतडतात, जागा कमी पडली की रद्दीत जातो. ज्या नक्षीची चादर उरलेली नाही, तिची माळ गेली की नक्षीच गेली.

उपाय अवघड नाही. कार्डाचा फोटो घ्यायचा आणि भोक असेल तिथे एक, नसेल तिथे शून्य अशी साध्या मजकुराची ओळ फाइलमध्ये लिहायची. कार्डामागे एक ओळ, माळेमागे एक फाइल. सोलापुरातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांना म्हणून विनंती आहे: फाइल हाताळणीच्या प्रात्यक्षिकात हजेरी क्रमांक, नाव आणि गुण यांची तीच ती फाइल पुरे झाली. एखाद्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना एकेक माळ वाटून द्या. आणि कारखानदारांनो, माळ्यावरची कार्डं रद्दीवाल्याला देण्याआधी त्या मुलांना एकदा आत येऊ द्या.