फेस उतू जातो तेव्हा

शिरूरहून चौफुल्याकडे निघालं की वाटेत न्हावरे लागतं. घोडगंगा साखर कारखान्याचं गाव. इथून अरबी समुद्र सरळ रेषेत दीडशे किलोमीटरांहून लांब, तोही सह्याद्रीच्या पलीकडे. इथल्या घरात समुद्री मासे ठेवायचे, तर आधी समुद्रच तयार करावा लागतो. आरओचं पाणी घ्यायचं आणि त्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम सागरी मीठ विरघळवायचं. मुंबईत १९५१ साली मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय सुरू झालं, तेव्हा समोर समुद्रच होता. न्हावऱ्यात समोर ऊस आहे.

खऱ्या समुद्राची घाण लाटा काढतात. पावसाळ्यात कोकणच्या किनाऱ्यावर मळकट फेसाची रांग येऊन पडते, ती हीच. घरच्या टाकीत लाट नसते. हे काम प्रोटीन स्किमर नावाचं उभं नळकांडं करतं. पंप त्यात पाण्याबरोबर हवा ओढतो आणि लाखो बारीक बुडबुडे तयार होतात. माशांची विष्ठा आणि उरलेलं खाणं यांतून पाण्यात उतरणाऱ्या प्रथिनांसारख्या कित्येक रेणूंचं एक टोक पाण्याला धरून राहतं, दुसरं पाण्यापासून पळतं. असे रेणू बुडबुड्याच्या कडेला चिकटतात, फेसाबरोबर नळकांड्याच्या मानेतून वर चढतात आणि कपात पडतात. खाऱ्या पाण्यात बुडबुडे एकमेकांत सहजी मिसळत नाहीत, बारीकच राहतात, म्हणून हे जमतं. गोड्या पाण्याच्या टाकीत हेच यंत्र जवळजवळ निकामी.

नीट चालणाऱ्या स्किमरच्या कपात कोऱ्या चहासारखं, नाक मुरडायला लावणारं पाणी जमतं. बिघडलेल्या दिवशी मात्र सकाळी टाकीखालचं कपाट उघडावं तर कप काठोकाठ भरलेला, त्यातलं पाणी नळाच्या पाण्याइतकं फिकट, आणि फरशीवर मिठाचे पांढरे ओघळ. पहिल्यांदा हात जातो तो कॉककडे, म्हणजे स्किमरमधल्या पाण्याची पातळी वर-खाली करणाऱ्या झडपेकडे. तिथेच चूक होते. कॉक कालही तिथेच होता. मग काल आणि आजमध्ये बदललं काय?

न्हावऱ्यासारख्या गावात पहिलं उत्तर बहुधा विजेचं असतं. लाइट गेली की मुख्य टाकीतलं काही पाणी खालच्या सम्पमध्ये, म्हणजे स्किमर जिच्यात उभा असतो त्या कपाटातल्या टाकीत, उतरतं. लाइट आली की पाणी वर चढवणारा आणि स्किमरचा असे दोन्ही पंप एकदम सुरू होतात, पण वरची टाकी भरेपर्यंत सम्पची पातळी चढलेलीच असते. बहुतेक स्किमर १५ ते २५ सेंटिमीटर खोल पाण्यासाठी केलेले असतात. पाणी चार बोटं जरी वर चढलं, तरी आतला फेस थेट कपात. उपाय अगदी साधा. स्किमरला वेगळा टायमर लावून तो दहा मिनिटं उशिरा सुरू करायचा. पातळी एरवीही हलत असेल, तर तो सम्पच्या अशा कप्प्यात बसवायचा जिथे आडव्या काचेमुळे पाणी कायम एकाच उंचीवर राहतं.

दुसरा संशयित पाण्यातच विरघळलेला असतो. गावच्या नळाच्या पाण्यात टीसीएल पावडर, म्हणजे क्लोरीनची भुकटी, पडते. क्लोरीन मारायला म्हणून लोक बाटलीतलं औषध टाकतात. त्यातली काही औषधं माशांच्या अंगावरचा बुळबुळीत थर जपण्यासाठी कोरफडीचा अर्क किंवा तसलाच चिकट पदार्थ घालून येतात, आणि स्किमरला एवढं निमित्त पुरतं. पाणी आरओचं असेल तर त्याच्या कार्बन फिल्टरमध्ये क्लोरीन आधीच अडकतो; औषधाची गरजच नसते. प्रवाळ चिकटवायची पुट्टी, ताजं सिलिकॉन, माशांवरचे काही उपचार, साबणाने धुतलेली बादली हेही त्याच पंगतीतले. नव्या यंत्रावर कारखान्यातला तेलकट लेप असतो. म्हणून ते व्हिनेगरच्या पाण्यात फिरवून घ्यायचं, आणि पहिले आठ-पंधरा दिवस त्याच्या लहरी सहन करायच्या.

इथे गुऱ्हाळाची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. दौंड-शिरूरच्या पट्ट्यातल्या गुळव्याला कुणी स्किमर दाखवला, तर त्याला नवल वाटू नये. त्याच्या कढईतही तेच चालतं. रस तापला की भेंडीच्या चिकात आणि चुन्यात गुंतलेली घाण मळी होऊन वर येते आणि तो ती झाऱ्याने काढत राहतो. पुढे रस आटू लागला की उतू जायला बघतो. तेव्हा चुलाणातला जाळ कमी करायचा आणि तेलाचे चार थेंब सोडायचे. फेस जागच्या जागी बसतो. टाकीत हीच गोष्ट उलटी पडते. तेलकट खाणं घातलं किंवा डोक्याला तेल लावलेल्या हाताने टाकीत काम केलं, तर स्किमरचा फेस अचानक बसतो आणि कप काही तास कोरडा राहतो. मालक घाबरून कॉक आवळतो. तेल ओसरल्यावर फेस परत येतो, आणि आता आवळलेल्या कॉकमुळे तो उतू जातो. निम्मी ओरड अशी स्वतःच ओढवलेली असते.

कारण सापडलं की घाई करायची नाही. कॉक पूर्ण उघडून फेस मानेच्या खाली आणायचा, सम्पमध्ये सक्रिय कोळशाची पिशवी ठेवायची, थोडं पाणी बदलायचं. स्किमर बंदच करावा लागला, तर एक एअरस्टोन सोडायचा. टाकीला हवेचा मोठा वाटा त्याच यंत्रातून मिळतो. बाहेर जाणारी नळी तुंबलेली नाही ना, तेही बघायचं, कारण ती अडली की पाणी आतच चढतं.

फरशी पुसली की काम संपलं असं वाटतं, पण खरं नुकसान मिठाचं होतं. २०० लिटरच्या टाकीतून ५ लिटर पाणी सांडलं, तर त्याबरोबर १७५ ग्रॅम मीठ गेलं. आपोआप पाणी भरणारं यंत्र तेवढीच जागा गोड्या पाण्याने भरून टाकतं आणि क्षारता ३५ वरून ३४ च्या आसपास येते. एकदा झालं तर मासे सोसतील. लाइट रोज जात असेल आणि हे रोज होत असेल, तर आधी प्रवाळ मिटून घेतात.

म्हणून सांडल्यावर मोजमाप करूनच मीठ भरायचं, अंदाजाने नाही. आणि कपाची मान दोन-तीन दिवसांनी धुवायची, नुसत्या पाण्याने. साबण त्या कपाटाच्या आसपासही ठेवायचा नाही.