गाडीतला लाल दिवा

आपल्याकडे चारचाकी आली ती हळूच आली. आधी चाकरमान्यांची गाडी मे महिन्यात आणि चतुर्थीला अंगणात उभी राहायची, तिच्याभोवती वाडीतली पोरं जमायची. आता मालवण, कट्टा, आचरा कुठंही बघा, वाडीत चार-पाच गाड्या असतातच आणि त्यांतल्या कितीतरी बायका चालवतात. नवरा मुंबईला नाहीतर गोव्यात कामाला. घरी सासू-सासरे, मुलांच्या शाळा, कुणाचा होम-स्टे, कुणाची खानावळ. रात्री-अपरात्री म्हाताऱ्या माणसाला घेऊन बांबोळीच्या हॉस्पिटलात धावायचं झालं तर स्टिअरिंगवर घरची सूनच असते. गाडी चालवायला आपण शिकलो. पण समोर एखादा दिवा पेटला की बोबडी वळते.

त्यातही लाल. गोलाच्या आत उद्‌गारचिन्ह आणि दोन्ही बाजूंना कंस, असं ते चित्र. हा ब्रेकचा दिवा. आमच्या बचत गटात दोन वर्षांत हा विषय इतक्या वेळा निघाला, की शेवटी एका रविवारी ओळखीच्या मेकॅनिकला बोलावून आम्ही दहा-बारा जणींनी त्याच्याकडून गाडीचं बॉनेट उघडून सगळं समजून घेतलं. लोणच्याच्या ऑर्डरी बाजूला ठेवून! त्या दिवशी कळलेलं आणि नंतर मी वाचून, विचारून पडताळलेलं इथं सांगते.

सुरुवात सोपी आहे. चावी फिरवली की हा लाल दिवा क्षणभर लागतोच. तो बल्ब चालू असल्याची खूण. इंजिन सुरू होऊन हँडब्रेक सोडला की विझायला हवा. विझला नाही तर आधी हँडब्रेक पुरता खाली गेलाय का ते बघा. अर्धा सेंटिमीटर वर राहिला तरी दिवा जळत राहतो. कधी हँडब्रेक सुटलेला असतो, पण त्याच्या मुळाशी असलेलं छोटं बटण धुळीनं, गंजानं चिकटून बसतं. आपल्या हवेत तर हे ठरलेलंच. आमच्या गटातल्या एका वहिनीच्या गाडीत हेच झालं होतं. मेकॅनिकनं बटण साफ करून जागेवर बसवलं, काम वीस मिनिटांचं.

हँडब्रेकचं काही नसेल तर बॉनेट उघडायचं. ड्रायव्हरच्या बाजूला मागच्या अंगाला पांढरट प्लास्टिकची एक छोटी डबी दिसते. ते ब्रेक ऑइल. डबीवर कमीत कमी आणि जास्तीत जास्त अशा दोन रेघा असतात. तेल खालच्या रेघेपर्यंत आलं की डबीतला तरंगता खटका खाली बसतो आणि दिवा लागतो. चौके सोडून धामापूरच्या वळणांवर किंवा चढणीला दिवा लुकलुकतो आणि सपाटीला विझतो अशी तक्रार आमच्यात दोघींची होती. तेल काठावर आलं की असंच होतं, कारण गाडी कलंडते तसं डबीतलं तेलही कलंडतं.

आता इथं आपल्यातली बहुतेक जण काय करील? दुकानातून बाटली आणील आणि तेल भरील. दिवा विझेल, देवाचे आभार मानील. आमचा मेकॅनिक इथंच थांबला आणि म्हणाला, "वैनी, ह्या तेल काय पेट्रोलासारख्या जळना नाय. कमी झाला म्हंजे खंयतरी गेला असतला."

कुठं जातं? दोनच जागा. एक म्हणजे ब्रेकचे पॅड झिजतात. पॅड झिजला की त्याला ढकलणारा पिस्टन तेवढा पुढं सरकतो आणि मागची मोकळी जागा भरायला डबीतलं तेल खाली उतरतं. हे वर्ष-दोन वर्षांत हळूहळू होतं आणि त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. तेव्हा तेल घालण्याऐवजी पॅड बघून घ्यायचे. झिजलेल्या पॅडवर वरच्या रेघेपर्यंत तेल भरलंत, तर नवे पॅड बसवताना पिस्टन मागं ढकलला की तेच तेल डबीतून उतू जातं. आणि हे तेल रंगाचा शत्रू आहे, सांडलं तिथला गाडीचा रंग उठतो. सांडलंच तर लगेच भरपूर पाणी ओतायचं.

दुसरी जागा म्हणजे गळती. ही खरी वाईट. आमच्या ओळखीतल्या एका काकींची गाडी. पावसाळ्यापूर्वी दिवा लागला, त्यांच्या मुलानं तेल भरलं. तीन आठवड्यांनी पुन्हा लागला, पुन्हा भरलं. तिसऱ्यांदा लागला तेव्हा त्या कोल्हापूरला निघायच्या तयारीत होत्या, म्हणजे फोंडा घाट. सुदैवानं सकाळी आमच्या गल्लीतल्या पोरानं मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला ओला डाग बघितला. चाकातल्या सिलिंडरचं रबर गेलं होतं. ब्रेक मारला की थोडं थोडं तेल लायनरवर गळत होतं. गाडीतली ब्रेकची यंत्रणा दोन वेगळ्या भागांत विभागलेली असते, एक भाग गेला तरी दुसरा काही प्रमाणात गाडी थांबवतो. पण भरल्या गाडीनं घाट उतरताना त्या 'काही प्रमाणात'वर कुणी विसंबू नये. दुरुस्ती मोठी नव्हती, सिलिंडर बदलला, लायनर बदलले. काकींचा मुलगा मात्र अजून म्हणतो, "मी तेल भरत होतो की!"

म्हणून दिवा लागला की गाडी हलवायच्या आधी पायाला विचारायचं. इंजिन चालू करून ब्रेक दाबून धरा. पेडल टणक लागलं आणि एका उंचीवर थांबून राहिलं तर ठीक. स्पंजासारखं मऊ लागलं, किंवा अर्धा मिनिट धरून ठेवल्यावर हळूहळू खाली जात राहिलं, तर गाडी जागची हलवायची नाही. मग मेकॅनिक घरी बोलवा, गाडी टो करून न्या, काहीही करा. चार पैसे जातील तर जाऊ देत. आणखी एक सोपी परीक्षा आहे. बंद इंजिनात पेडल चार-पाच वेळा दाबा, मग दाबून धरून इंजिन सुरू करा. पेडल थोडंसं खाली गेलं पाहिजे. गेलं नाही तर ब्रेकला जोर देणारा बूस्टर तपासायला हवा.

लालशिवाय एक पिवळा दिवा असतो, त्यात एबीएस अशी अक्षरं. १ एप्रिल २०१९ पासून आपल्या देशात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या कारला एबीएस सक्तीचं आहे, त्यामुळं हा दिवा आता साध्या गाडीतही दिसतो. जोरात ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊन गाडी घसरू नये, म्हणून ही यंत्रणा. फक्त पिवळा दिवा असेल तर साधे ब्रेक नेहमीसारखे लागतात. ओल्या रस्त्यावर कचकन दाबायचे नाहीत, अंतर राखून, सावकाश गॅरेज गाठायचं. लाल आणि पिवळा दोन्ही एकदम लागले तर प्रकरण वरचढ. पुढच्या-मागच्या चाकांत जोर वाटून देणारी व्यवस्थाही बंद पडलेली असू शकते.

खर्चाचे मोठमोठे आकडे येतात ते बहुधा या पिवळ्या दिव्यापायी. माझ्या शेजारणीला एका मोठ्या वर्कशॉपमध्ये एबीएसचा अख्खा भागच बदलायला सांगितला, आकडा ऐकून ती बिचारी गाडी तशीच घेऊन परत आली. इथल्या मेकॅनिकनं स्कॅनर लावला. स्कॅनर म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला 'तुला काय दुखतंय' विचारणारं यंत्र, स्टिअरिंगच्या खाली त्याची जागा असते. (स्वस्तातले स्कॅनर इंजिनापुरतंच सांगतात, एबीएसचं वाचणारा हवा, तेवढं विचारून घ्या.) कोड निघाला डाव्या मागच्या चाकाच्या सेन्सरचा. चाक किती वेगानं फिरतंय ते मोजणारी ही एक बोटभर वस्तू. तिच्या वायरीच्या जोडाला हिरवा गंज धरला होता. जोड साफ केला, सेन्सरवरची रेती-माती काढली, दिवा गेला.

समुद्रकाठची खारी हवा, त्यात पावसाळ्याचे चार महिने. आपल्याकडं खिडकीचे गज टिकत नाहीत, तिथं वायरीचा जोड काय टिकणार! त्यात पाहुण्यांच्या हौसेपायी गाडी पुळणीवर उतरवली, चाकं लाटेत भिजवली, की मग बघायलाच नको. तसं झालंच तर त्याच दिवशी गोड्या पाण्यानं गाडी खालून धुवा, चाकांच्या आतल्या बाजूनं धुवा. वरून चकचकीत पुसून उपयोग नाही. वायरी कुरतडणारे उंदीर हा दुसरा छळ. नारळाच्या सोडणांच्या ढिगाशेजारी गाडी लावू नका. आणि बॅटरी अशक्त झाली की तीन-चार दिवे एकदम पेटून भुताटकी झाल्यासारखं वाटतं, तेव्हा सेन्सरच्या मागं लागण्याआधी बॅटरी तपासून घ्यायची.

तेलाचंही हवेशी वाकडं आहे. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. नवं डॉट-३ जातीचं तेल निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओलावा शोषल्यावर ही मर्यादा १४० पर्यंत खाली येऊ शकते. डॉट-४ ची २३० वरून १५५. आंबोली किंवा करूळ घाट उतरताना ब्रेकवर पाय ठेवूनच बसलं तर ब्रेक इतके तापतात की हे जुनं तेल उकळतं, पाइपात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल भसकन खाली जातं. म्हणून ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा, आणि तेल साधारण दोन वर्षांनी सगळंच्या सगळं बदलून घ्यायचं. कुठल्या जातीचं हवं ते डबीच्या झाकणावरच लिहिलेलं असतं. माळ्यावरची अर्धी वापरलेली बाटली चालत नाही. आणि इंजिन ऑइल तर चुकूनही घालायचं नाही, आतली रबरं फुगून सगळी यंत्रणा निकामी होते.

आता कंपनीच्या वर्कशॉपचं. मालवणहून कुडाळ तीसेक किलोमीटर, जाऊन-येऊन दिवस जातो. गाडी वॉरंटीत असेल तर मात्र तिथंच जा, फुकट होणारं काम बाहेर कशाला करायचं? पण बाहेर हात लावला तर वॉरंटी गेलीच, असं जे सरसकट सांगतात ते तपासून घ्यावं. गाड्यांचे सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या मेकॅनिकना मिळू दिली जात नाही, अशी तक्रार २०११ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाकडे गेली होती. आयोगानं ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, आणि सुटे भाग व माहिती खुल्या बाजारात मिळावी असा आदेश दिला. कंपन्या अपिलात गेल्या. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्यानं दुरुस्तीच्या हक्कासाठी वेगळं संकेतस्थळ सुरू केलं, त्यात गाड्याही आहेत. तक्रार करायची तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५, फोन मराठीतही करता येतो.

मोठा आकडा ऐकला की तिथंच मान डोलवू नका. स्कॅनरवर कोणता कोड आला तो कागदावर लिहून मागा. भागाची किंमत वेगळी, मजुरी वेगळी लिहून घ्या. बदललेला जुना भाग परत मागा. आपण बाजारात सुरमईचे गलफडे उघडून बघितल्याशिवाय पैसे देतो का? मजुरीत वाचवता येतं, ब्रेकच्या भागात मात्र वाचवू नये असं माझं ठाम मत आहे. बिनछापाच्या खोक्यातले पॅड कुणी निम्म्या किमतीत दिले तरी नकोत. आणि 'दिवा बंद करून देतो' म्हणणाऱ्यापासून तर लांबच राहा. काही जण बल्बच काढतात किंवा खटक्याची वायर तोडून जोडतात. चावी फिरवल्यावर लाल दिवा क्षणभरही लागत नसेल, तर कुणीतरी हा उद्योग केलेला असू शकतो. जुनी गाडी विकत घेताना हे पहिलं बघा.

कधी दोष कारखान्यातूनच येतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये मारुती सुझुकीनं वॅगन-आर, सेलेरिओ आणि इग्निस मिळून ९,९२५ गाड्या मागच्या ब्रेकमधल्या एका पिनेसाठी परत तपासायला बोलावल्या होत्या. अशी दुरुस्ती फुकट असते. आरसी बुकावरचा चेसिस नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकला की आपली गाडी त्यात आहे का ते कळतं. मुलांना सांगा, मोबाइलवर दोन मिनिटांचं काम.

राहता राहिली आठवडेच्या आठवडे उभी राहणारी गाडी. पावसात हँडब्रेक ओढून ती महिनाभर ठेवली, की मागचे लायनर ड्रमला चिकटून बसतात आणि गाडी जागची हलत नाही. सपाट जागी गिअरमध्ये टाकून ठेवायची, हँडब्रेक सोडून द्यायचा आणि चाकाला पुढून-मागून चिऱ्याचा तुकडा लावायचा. निघताना तेवढे चिरे मात्र आठवणीनं काढायचे. आमच्या गल्लीत दर चतुर्थीला कुणीतरी चाकरमानी गाडी सुरू करतो, रेस वर रेस देतो, 'ब्रेक जाम झालो वाटता' म्हणून खाली उतरतो, आणि पडवीतून सगळी बायकामंडळी हसत असतात.