गव्हर्नरची निवडणूक आणि मताचे मोल : जॉर्जिया राज्याचा अनुभव

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील पन्नासही घटक राज्यांचे गव्हर्नर आज त्या त्या राज्यातील मतदारांकडून प्रत्यक्ष निवडले जातात. तेथील गव्हर्नर हा नामधारी प्रमुख नव्हे. मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालण्याचे बंधन त्याच्यावर नसते. राज्याचे प्रशासन तो स्वतः चालवितो, विधिमंडळाने संमत केलेले विधेयक परत पाठवू शकतो आणि त्याच्याविरुद्ध अविश्वासाचा ठराव आणून त्याला पदच्युत करता येत नाही. आपल्याकडील राज्यपालाचा मान आणि मुख्यमंत्र्याची सत्ता या दोहोंचा संगम त्या एका पदात झालेला आहे.

भारतातही राज्यपाल प्रौढ मतदानाने निवडावा, असा विचार एकेकाळी गांभीर्याने झाला होता. सरदार पटेल यांच्या अध्यक्षतेखालील प्रांतिक घटना समितीने १९४७ मध्ये तशी शिफारस केली होती आणि १९४८ च्या मसुद्यातही प्रत्यक्ष निवडणुकीचा पर्याय होता. मात्र एकाच राज्यातील मतदारांचा कौल घेऊन आलेला राज्यपाल आणि विधानसभेच्या विश्वासावर उभा असलेला मुख्यमंत्री यांच्यात संघर्ष उद्भवेल, हा आक्षेप बलवत्तर ठरला. मे १९४९ अखेर संविधान सभेने राष्ट्रपतींकडून नियुक्तीचा मार्ग पत्करला. प्रमुख जनतेने थेट निवडावा की निवडून आलेल्या सदस्यांनी, हा प्रश्न मात्र आपल्या सार्वजनिक जीवनातून नाहीसा झाला नाही. महाराष्ट्रात सरपंचाची थेट निवड २०१७ मध्ये सुरू झाली, २०२० मध्ये रद्द झाली आणि २०२२ मध्ये पुन्हा आली, हे पंचायत सदस्यांना ठाऊकच आहे.

थेट निवडणूक म्हटली की वाद मिटला, असे सामान्यतः मानले जाते. वस्तुतः मताधिकार कोणाला, हा प्रश्न सुटल्यानंतरही दिलेले मत मोजावयाचे कसे, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर किती विपरीत असू शकते आणि ते बदलण्यास किती काळ लागतो, हे जॉर्जिया राज्याच्या इतिहासावरून स्पष्ट होते.

विधिमंडळाकडून मतदारांकडे

स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात, १७७७ मध्ये, जॉर्जियाने आपली पहिली राज्यघटना तयार केली. इंग्लंडच्या राजाने नेमलेल्या गव्हर्नरांचा अनुभव ताजा असल्यामुळे कार्यकारी सत्तेविषयी अविश्वास होता. त्यामुळे गव्हर्नरची निवड प्रतिनिधिसभेकडे आणि तीही अवघ्या एका वर्षासाठी ठेवण्यात आली. १७८९ च्या घटनेने मुदत दोन वर्षांची केली, परंतु निवडीचा अधिकार विधिमंडळाकडेच राहिला. पुढे १८२४ मध्ये घटनादुरुस्ती होऊन १८२५ साली पहिली लोकनियुक्त निवडणूक झाली. तीत जॉर्ज ट्रूप यांनी जॉन क्लार्क यांचा केवळ ६८३ मतांनी पराभव केला.

त्या काळच्या ‘लोक’ या शब्दाचा अर्थ श्वेतवर्णीय पुरुष इतकाच होता. यादवी युद्धानंतर, १८६८ मध्ये, कृष्णवर्णीय पुरुषांनी गव्हर्नरपदासाठी प्रथमच मतदान केले आणि रिपब्लिकन पक्षाचे रुफस बुलक गव्हर्नर झाले. हा काळ अल्पजीवी ठरला. १८७२ पासून पुढे १३० वर्षे या राज्यात रिपब्लिकन गव्हर्नर निवडून आला नाही. मतदानासाठी डोईपट्टी, साक्षरतेच्या अटी आणि डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवार-निवडीत केवळ श्वेतवर्णीयांना प्रवेश, अशा उपायांनी कृष्णवर्णीयांना मतपेटीपासून दूर सारण्यात आले.

येथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. अमेरिकेत पक्षाचा उमेदवार कोण असावा, हे ठरविण्यासाठी पक्षाच्या मतदारांचे रीतसर मतदान होते. त्यास प्राथमिक निवडणूक म्हणतात. जॉर्जियात प्रतिपक्ष जवळजवळ नसल्याने डेमोक्रॅटिक पक्षाची प्राथमिक निवडणूक जिंकणारा पुढे गव्हर्नर होणार, हे निश्चितच असे. नोव्हेंबरमधील मुख्य निवडणूक हा उपचार होता. तेव्हा राज्याची सत्ता कोणाच्या हाती जाणार, हे प्राथमिक निवडणुकीच्या मोजणीवर अवलंबून होते.

काउंटी एकक पद्धती

ही मोजणी माणशी होत नव्हती. १९१७ च्या नील कायद्याने जुन्या पक्षीय प्रथेला कायद्याचे रूप दिले. जॉर्जियाचे १५९ काउंट्यांत विभाजन झाले आहे. काउंटी हा आपल्या तालुक्याहूनही बहुधा लहान, परंतु स्वतःचा कारभार असलेला प्रशासकीय विभाग होय. सर्वाधिक लोकसंख्येच्या ८ काउंट्यांना प्रत्येकी ६ एकके, त्यांखालील ३० काउंट्यांना प्रत्येकी ४ आणि उरलेल्या १२१ काउंट्यांना प्रत्येकी २ एकके मिळत. एकूण एकके ४१०. काउंटीत ज्या उमेदवाराला सर्वांत अधिक मते, त्याच्या पदरात त्या काउंटीची सर्व एकके पडत. इतरांना तेथे मिळालेली मते हिशेबातून बाद होत. गव्हर्नरपदासाठी एककांचे बहुमत, म्हणजे २०६ एकके, आवश्यक होती.

या गणिताचा परिणाम पाहण्याजोगा आहे. १९६० च्या जनगणनेनुसार अटलांटा शहर ज्या फुल्टन काउंटीत आहे, तिची लोकसंख्या ५,५६,३२६ होती. राज्याच्या लोकसंख्येत तिचा वाटा १४ टक्क्यांहून अधिक, परंतु एककांमधील वाटा दीड टक्क्याहूनही कमी होता. सर्वांत लहान एकोल्स काउंटीत १,८७६ माणसे राहत आणि तिला २ एकके होती. म्हणजे एकोल्समध्ये ९३८ माणसांमागे एक एकक, तर फुल्टनमध्ये ९२,७२१ माणसांमागे एक. एकोल्समधील एका रहिवाशाचा प्रभाव फुल्टनमधील ९९ रहिवाशांएवढा भरत होता. शहरांकडे ढुंकूनही न पाहता १०३ लहान काउंट्या जिंकणाऱ्यास बहुमत गाठता येत असे.

मताला भारांक देणे हेच मुळात गैर, असा निष्कर्ष यावरून काढण्याचे कारण नाही. आपल्या राष्ट्रपतींच्या निवडणुकीत महाराष्ट्रातील विधानसभा सदस्याच्या मताचे मूल्य १७५, तर सिक्कीममधील सदस्याच्या मताचे मूल्य ७ असते. परंतु हे मूल्य १९७१ च्या लोकसंख्येवरून काढलेले आहे. आमदारामागील माणसांची संख्या त्यात उतरावी, हा हेतू आहे. जॉर्जियात भारांक होता तो माणसांची संख्या झाकण्यासाठी.

या पद्धतीचा सर्वांत कुशल लाभार्थी म्हणजे यूजीन टॅलमेज. ट्रामगाड्या धावत नाहीत अशा काउंट्या आपल्याला पुरेशा आहेत, असे ते म्हणत असल्याचे सांगितले जाते. ग्रामीण भागाचा कैवार या पद्धतीच्या समर्थनार्थ नेहमी पुढे केला जाई. त्यात तथ्यांश नव्हता असे नाही, कारण शहरी धनिकांच्या वर्चस्वाची भीती शेतकऱ्यांना खरोखरच वाटत असे. तथापि ज्या ग्रामीण काउंट्यांच्या नावे ही एकके मोजली जात, तेथील कृष्णवर्णीय शेतमजुराला मतच देता येत नव्हते. त्याच्या डोक्यामुळे काउंटीची लोकसंख्या वाढे, एवढाच त्याचा निवडणुकीशी संबंध.

१९४६ ची निवडणूक

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात गव्हर्नर एलिस अर्नॉल यांनी मतदानाचे वय १८ वर आणले आणि डोईपट्टी रद्द केली. पुढे न्यायालयांच्या निर्णयांमुळे प्राथमिक निवडणुकीतील वर्णबंदीही उठली. १९४६ च्या प्राथमिक निवडणुकीसाठी एक लाखाहून अधिक कृष्णवर्णीय मतदारांची नोंदणी झाली. टॅलमेज यांनी ही वर्णबंदी परत आणण्याचे आश्वासन देऊन प्रचार केला. अनेक काउंट्यांत नोंदलेल्या मतदारांविरुद्ध हरकती घेऊन त्यांची नावे यादीतून काढण्यात आली.

१७ जुलै रोजी मतदान झाले. टेलर काउंटीत महायुद्धात सेवा बजावून परतलेल्या मेसियो स्नाइप्स या कृष्णवर्णीय सैनिकाने मत दिले. दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी येऊन त्याला गोळ्या घालण्यात आल्या आणि २० जुलैला त्याचा मृत्यू झाला. ज्या मताला गणितात काडीचे मोल नव्हते, त्यासाठी एवढी किंमत मोजावी लागली.

निकाल असा लागला : जेम्स कार्मायकल यांना टॅलमेज यांच्यापेक्षा सुमारे १६ हजार मते अधिक मिळाली. परंतु एकके टॅलमेज यांना २४२, कार्मायकल यांना १४६ आणि ई. डी. रिव्हर्स यांना २२ मिळाली. मतदारांनी नाकारलेला उमेदवार विजयी झाला.

पुढील घटनाक्रम एखाद्या प्रहसनात शोभावा असा आहे. नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत विजयी झालेले टॅलमेज शपथविधीपूर्वीच २१ डिसेंबर १९४६ रोजी निवर्तले. त्यांच्या आजाराची कल्पना असलेल्या समर्थकांनी काही मतपत्रिकांवर त्यांचे पुत्र हर्मन यांचे नाव आधीच हाताने लिहून ठेवले होते. राज्यघटनेतील एका कलमाचा आधार घेऊन विधिमंडळाने जानेवारी १९४७ मध्ये हर्मन टॅलमेज यांची गव्हर्नरपदी निवड केली. मावळते गव्हर्नर अर्नॉल यांनी पद सोडण्यास नकार दिला, तेव्हा त्यांच्या कार्यालयाची कुलुपे बदलण्यात आली. १९४५ च्या घटनेने नव्याने निर्माण झालेल्या लेफ्टनंट गव्हर्नर या पदावर निवडून आलेले एम. ई. टॉम्प्सन यांनीही आपला हक्क सांगितला. एका राज्याला एकाच वेळी तीन गव्हर्नर लाभले. राज्याची मुद्रा कोणाच्या हाती द्यावी, हा पेच पडलेले सचिव बेन फोर्टसन हे अपंगांच्या चाकाच्या खुर्चीवर बसत. त्यांनी ती मुद्रा खुर्चीच्या गादीखाली लपवून ठेवली.

दरम्यान, टॅलमेज यांच्या स्वतःच्या टेल्फेअर काउंटीत हर्मन यांची पन्नासहून अधिक मते ऐनवेळी ‘सापडली’ होती. त्यांपैकी अनेक मतदार मृत असल्याचे आणि काहींनी चक्क वर्णानुक्रमे मतदान केल्याचे एका वृत्तपत्राच्या वार्ताहराने उघडकीस आणले. मार्च १९४७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने टॉम्प्सन यांच्या बाजूने निर्णय दिला. १९४८ च्या विशेष निवडणुकीत मात्र हर्मन टॅलमेज जिंकले. एकक पद्धती मुख्य निवडणुकीलाही लागू करण्याचा प्रयत्न त्यांनी घटनादुरुस्तीच्या मार्गाने १९५० आणि १९५२ अशा दोन वेळा केला. घटनादुरुस्तीवरील मतदान मात्र एककांनी नव्हे, माणशी मोजले जाई. दोन्ही वेळा प्रस्ताव पडला.

न्यायालयाचा निर्णय

मतदारसंघांच्या रचनेसारख्या राजकीय प्रश्नात हात घालण्यास अमेरिकेचे सर्वोच्च न्यायालय दीर्घकाळ नाखूश होते. १९५० मध्ये या पद्धतीविरुद्धची फिर्याद त्याने दाद न देता परतविली. टेनेसी राज्यातील बेकर खटल्यात न्यायालयाने मार्च १९६२ मध्ये ही भूमिका बदलली आणि लगेच फुल्टन काउंटीतील जेम्स सँडर्स या मतदाराने जॉर्जियातील पद्धतीला आव्हान दिले. एप्रिलमध्ये संघीय न्यायालयाने ती रद्द ठरविली. त्यामुळे त्याच वर्षीची गव्हर्नरपदाची प्राथमिक निवडणूक माणशी मतमोजणीने झाली आणि कार्ल सँडर्स विजयी झाले.

सर्वोच्च न्यायालयापुढे केंद्र सरकारच्या वतीने महान्यायवादी रॉबर्ट केनेडी यांनी स्वतः युक्तिवाद केला. राष्ट्राध्यक्षाची निवडणूक निर्वाचक मंडळामार्फत होते, मग राज्याने तशीच पद्धत स्वीकारल्यास बिघडले कुठे, असा बचाव पुढे आला. न्यायालयाने तो अमान्य केला. राष्ट्राध्यक्षाच्या निवडीची पद्धत ही संघराज्य स्थापन होताना झालेली ऐतिहासिक तडजोड असून राज्याला आपल्याच नागरिकांत भेद करण्यासाठी तिचा दाखला देता येणार नाही, असा त्याचा आशय होता. १८ मार्च १९६३ रोजी न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी आठ विरुद्ध एक अशा बहुमताने दिलेल्या ग्रे विरुद्ध सँडर्स या निकालात ‘एक व्यक्ती, एक मत’ हे सूत्र मांडले गेले. पुढे १९६४ मध्ये विधिमंडळांच्या मतदारसंघांनाही ते लागू झाले. राज्याच्या एका कार्यकारी पदाच्या निवडणुकीतून निघालेले हे सूत्र आता साऱ्या जगात उच्चारले जाते.

विधिमंडळाचा अधिकार तरीही अबाधित राहिला होता. १९६६ च्या मुख्य निवडणुकीत बो कॅलवे यांना लेस्टर मॅडॉक्स यांच्यापेक्षा सुमारे ३ हजार मते अधिक पडली. परंतु सुमारे ५० हजार मतदारांनी अर्नॉल यांचे नाव हाताने लिहिल्यामुळे कोणालाच निम्म्याहून अधिक मते मिळाली नाहीत. घटनेप्रमाणे निवड विधिमंडळाकडे गेली, सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ती वैध मानली आणि विधिमंडळाने मॅडॉक्स यांना गव्हर्नर केले. त्यानंतर १९६८ मध्ये घटनादुरुस्ती करून, कोणालाही बहुमत न मिळाल्यास पहिल्या दोघांत मतदारांनीच पुन्हा निवड करावी, अशी तरतूद करण्यात आली. १९७० मध्ये याच पदावर निवडून आलेले जिमी कार्टर पुढे राष्ट्राध्यक्ष झाले.

जॉर्जियात गव्हर्नरखेरीज लेफ्टनंट गव्हर्नर, राज्य सचिव, महाधिवक्ता, कृषी आयुक्त इतकेच नव्हे तर शाळा खात्याचा अधीक्षकही राज्यव्यापी मतदानाने निवडला जातो. आपल्याकडील शिक्षकांना याचे नवल वाटेल. शिक्षण खात्याच्या प्रमुखाला मते मागत राज्यभर हिंडावे लागणे कितपत इष्ट, याविषयी तेथेही मतभेद आहेत.

एककांसारखीच एक तरतूद मिसिसिपी राज्यात त्यानंतरही जिवंत होती. तेथील १८९० च्या घटनेनुसार गव्हर्नर होण्यासाठी एकूण मतांचे बहुमत आणि त्याखेरीज प्रतिनिधिसभेच्या मतदारसंघांपैकी निम्म्याहून अधिक मतदारसंघांत आघाडी, अशा दोन्ही अटी पुऱ्या कराव्या लागत. तसे न घडल्यास निर्णय प्रतिनिधिसभा घेई. १९९९ च्या निवडणुकीचा निकाल जानेवारी २००० मध्ये अशा रीतीने सभागृहातच लागला. नोव्हेंबर २०२० मध्ये मतदारांनी ही तरतूद रद्द केली. गव्हर्नरपदाची निवडणूक नव्या नियमाने प्रथम झाली ती २०२३ मध्ये.