पानथरीचा काटा

घोलवड-डहाणूच्या चिकूवाडीत पाटाने पाणी देताना तुम्ही पाहिले असेल. पाटात पुढे गाळ साचला की पाणी मागे तुंबते, पातळी चढते आणि बांधातली कच्ची जागा शोधून पाणी बाहेर पडते. यकृताच्या सिऱ्होसिस या आजारात असेच होते.

आतडी व पानथरी (प्लीहा) यांतले रक्त प्रवेशिका नीलेतून यकृतात येते. हिपॅटायटिसचे विषाणू, दारू किंवा साठलेली चरबी यांमुळे यकृतावर वर्षानुवर्षे व्रण पडले की ते निबर होते व रक्ताची वाट अडते. यकृताच्या अलीकडच्या व पलीकडच्या नीलांतील दाबाचा फरक एरवी पाऱ्याच्या १ ते ५ मिलिमीटर असतो. तो १० वर गेला की अन्ननलिकेतील बारीक नीला फुगू लागतात. १२ नंतर त्या फुटण्याची भीती. फुटल्या तर रक्ताची उलटी होऊन जीवही जातो.

म्हणून तोंडातून दुर्बीण घालून अन्ननलिका तपासतात. नळी गिळणे कोणालाच सुखाचे नाही. पण तलासरीच्या पाड्यावरील माणसाला त्याहून जड जातो तो प्रवास. अशा तपासण्यांसाठी सिल्व्हासा, वलसाड नाही तर मुंबई गाठायची. सोबत घरचे एक माणूस, म्हणजे दोघांची मजुरी बुडाली. एवढे करून पुष्कळांच्या अन्ननलिकेत धोक्याचे काही निघतच नाही!

मग आधी चाळणी लावता येईल का? येते, आणि तीही रक्ताच्या साध्या तपासणीने. तुंबलेल्या रक्ताने पानथरी सुजते. शरीरातील सुमारे एक तृतीयांश बिंबाणू, म्हणजे प्लेटलेट, एरवीही तेथे असतात. सुजलेली पानथरी याहून कितीतरी जास्त अडकवते. शिवाय बिंबाणू तयार करवणारे संप्रेरक मुख्यतः यकृतात बनते, तेही कमी पडते. दाब चढला की गणती उतरते. बिंबाणूंची गणती हा जणू दाबमापीचा काटाच.

२०१५ साली इटलीतील बावेनो येथे तज्ज्ञांनी नियम सुचवला. सिऱ्होसिस आहे पण अजून त्रास सुरू झालेला नाही, अशा रुग्णात दर घन मिलिमीटर रक्तात दीड लाखांहून अधिक बिंबाणू असतील व यकृताचा ताठरपणा २० किलोपास्कलहून कमी असेल, तर दुर्बीण टाळावी. अशा शंभरांत पाचाहून कमी जणांत धोक्याच्या नीला सापडतात. ताठरपणा मोजायला बरगड्यांमधून हलका धक्का देऊन तरंगाचा वेग पाहतात. ताठरपणा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. वेग दुप्पट तर ताठरपणा चौपट. मात्र हे यंत्र महाग. २०१९ साली सिसिलीतील डॉक्टरांनी ते वगळले आणि दोनच आकडे घेतले: बिंबाणू १.२ लाखांहून अधिक आणि अल्ब्युमिन हे यकृतात बनणारे प्रथिन १०० मिलिलिटरमध्ये ३.६ ग्रॅमहून अधिक.

सिसिलीचा नियम डहाणूला जसाच्या तसा लावावा का? मला वाटते, इतक्यात नको. तेथील रुग्ण हिपॅटायटिस-सीचे होते. मलेरिया व डेंगीतही बिंबाणू उतरतात. तेव्हाची गणती यकृताबद्दल सांगत नाही, ती ताप गेल्यावर पुन्हा करावी. सिकलसेल अधिक फसवा. आपल्या आदिवासी पट्ट्यात हा आनुवंशिक आजार आढळतो. त्यात पानथरी आक्रसली, तर बिंबाणू अडकायला जागाच राहत नाही. दाब चढूनही गणती चांगली दिसू शकते. म्हणून आधी येथल्याच रुग्णांचे रक्त व दुर्बीण दोन्ही तपासून, सिकलसेलची चाचणीही करून, नियमाच्या चाळणीतून किती धोक्याच्या नीला निसटल्या ते मोजायला हवे.