सलाईन, पण कोणते?

शिरेतून चढवल्या जाणाऱ्या कोणत्याही द्रवाला सरसकट ‘सलाईन’ म्हणण्याची सवय असल्यामुळे, टांगलेल्या बाटलीत मिठाचे पाणी आहे, साखरेचे आहे की रिंगर लॅक्टेट, याची चौकशी नातेवाईक सहसा करत नाहीत; पुष्कळ आजारांत त्यावाचून फारसे अडत नाही, मेंदूच्या शस्त्रक्रियेत मात्र अडते. सालेकसा तालुक्यातील कचारगडच्या गुहेकडे माघ पौर्णिमेच्या यात्रेत चढून जाताना एखाद्याच्या डोक्याला जबर मार लागला, तर शस्त्रक्रियेसाठी त्याला गोंदिया आणि बहुधा नागपूर गाठावे लागते, आणि पहिली बाटली त्या प्रवासाआधीच लागलेली असते.

शरीरात इतरत्र केशवाहिन्यांच्या भिंतींतून सोडियम सहज आरपार जातो. मेंदूत मात्र या भिंतींच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की पाणी पलीकडे जाते आणि सोडियम अलीकडेच अडतो. यालाच रक्त-मेंदू अडथळा म्हणतात. रक्तात विरघळलेल्या कणांचे प्रमाण, म्हणजे ऑस्मोलॅलिटी, साधारण 285 ते 295 असते. ते खाली आले की पाणी मेंदूत शिरते, आणि कवटी ताणली जात नसल्यामुळे सुजलेला मेंदू स्वतःचाच रक्तपुरवठा दाबून टाकतो.

म्हणूनच 0.9 टक्के मिठाचे पाणी, ज्याचा लेबलवरील आकडा 308 असतो, येथे पहिल्या पसंतीचे ठरते, जरी त्यातील क्लोराइड रक्तापेक्षा बरेच जास्त असल्याने काही लिटर गेल्यावर रक्ताची आम्लता वाढते. रिंगर लॅक्टेटचा आकडा 273. थोडे गेले तर चालते, लिटरमागून लिटर गेले तर सूज वाढू शकते. खरी फसगत 5 टक्के डेक्स्ट्रोजची, ज्याला लोक ताकदीची बाटली समजतात: तिच्यावर 278 छापलेले असले तरी साखर पेशी वापरून टाकतात आणि मागे निव्वळ पाणी उरते, शिवाय वाढलेली साखर रक्ताविना तडफडणाऱ्या मेंदूपेशींना अधिक इजा करते. रक्तातील साखर घसरली असेल तर मात्र ती द्यावीच लागते.

सूज उतरवण्यासाठी भूलतज्ज्ञ उलटा मार्ग धरतात आणि 20 टक्के मॅनिटॉल देतात, जे मेंदूतील पाणी रक्तात ओढून लघवीवाटे बाहेर काढते. दर किलो वजनामागे 0.25 ते 1 ग्रॅम या हिशेबाने 60 किलोच्या रुग्णाला 100 मिलिलिटरच्या जास्तीत जास्त तीन बाटल्या लागतात. थंडीत या बाटलीत स्फटिक धरतात, तेव्हा ती गरम पाण्यात ठेवून पूर्ण निवळ होईपर्यंत हलवावी आणि कोमट झाल्यावरच लावावी लागते. मेंदू सुजू नये म्हणून रुग्णाला कोरडे ठेवण्याची जुनी पद्धत आता मागे पडली आहे, कारण रक्तदाब पडला तर मेंदूचेच हाल होतात. त्यामुळे मॅनिटॉल गेल्यावर लघवीच्या पिशवीत किती जमले ते मोजून, सोडियम तपासत, झालेली तूट मिठाच्या पाण्याने भरली जाते.