बांको : तिरका, टोकदार, दणकट

थ्रॅशर या अमेरिकी स्केटबोर्ड मासिकाचं नाव टी-शर्टांवर बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. त्या नावाचा टाइप म्हणजे बांको. मासिक निघालं १९८१ मध्ये. टाइप त्याच्या तीस वर्षं आधीचा! फ्रान्समधल्या रोजे एक्सकोफों यांनी १९५१ मध्ये मार्सेयच्या फोंदरी ऑलिव्ह या टाइप फाउंड्रीसाठी तो काढला.

अक्षरं जवळून बघा. रेघ वर जाड, खाली येताना निमुळती, आणि किंचित पुढे कललेली. रेघा एकमेकींना पुरत्या चिकटत नाहीत, मधे बारीक फट राहते. जणू पत्र्याच्या पट्ट्या कापून मांडल्यात. त्या फटींमुळेच एवढा जाड टाइप गुदमरत नाही. मला यातलं हेच सगळ्यात आवडतं.

मूळ संचात फक्त कॅपिटल अक्षरं होती. स्मॉल अक्षरं फिल ग्रिमशॉ यांनी १९९७ मध्ये आयटीसी या टाइप कंपनीसाठी जोडली.

वापरायचा कुठे? दुकानाची पाटी, पोस्टर, मासिकाचं नाव. दोन-तीन शब्द, मोठा आकार, बस्स. परिच्छेदाला अजिबात लावू नका, डोळे शिणतात.

आणि आपली देवनागरी तर शिरोरेषेला लटकलेली! वर जाड, खाली निमुळती रेघ तिला काय शोभेल! अक्षरं काढणाऱ्यांनो, एकदा करून बघाच.