चंदीगडची खुर्ची आणि आपलं सागवान

राजुऱ्याकडून आसिफाबादला निघालं की तेलंगणाची हद्द ओलांडल्यावर वांकिडी लागतं. एका अंगाला बल्लारशाचा लाकूड डेपो, दुसऱ्या अंगाला आदिलाबादचं रान. अशा मुलखात खुर्ची दिसली की माणूस आधी लाकूड कोणतं ते विचारतो. पॅरिस-न्यूयॉर्कच्या लिलावात लाखो रुपयांना जाणाऱ्या एका खुर्चीबाबत याचं उत्तर सागवान असंच आहे.

ही चंदीगडची खुर्ची. चंदीगड आखणाऱ्या वास्तुकार ल कॉर्बुझिएचा चुलतभाऊ पिएर जानरे 1951 ते 1965 तिथे राहिला आणि नव्या राजधानीतल्या कचेऱ्यांसाठी त्याने स्वस्त, टिकाऊ सामान आखलं. उलट्या ‘व्ही’सारखे तिरके पाय, त्यांवर बसलेले हात, वेताने विणलेली बैठक आणि पाठ. नक्षी नाही, पॉलिशचा थाट नाही. स्थानिक सुतारांना हाताने करता यावी इतकीच गुंतागुंत, म्हणूनच हजारोंनी झाल्या. पुढे वेत फाटला, पाय हलले, आणि सरकारी खात्यांनी त्या भंगारात काढल्या. परदेशी व्यापाऱ्यांनी उचलल्या. खात्याचा रंगवलेला क्रमांक लाकडावर तसाच होता. आता त्याच क्रमांकाने किंमत वाढते! 2011 मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने या वारशाच्या विक्रीला मनाई केली, तोवर बरंच सामान गेलेलं होतं.

कलावंतांना ही गोष्ट सुटली नाही. अमेरिकेच्या एमी सीगल हिने 2013 मध्ये ‘प्रोव्हेनन्स’ हा चित्रपट केला. तो उलटा चालतो: श्रीमंतांच्या दिवाणखान्यातून लिलावघर, बोट आणि शेवटी चंदीगड. मग तिने तो चित्रपटच लंडनमध्ये क्रिस्टीजच्या लिलावात विकला. डाव नेमका आहे, पण त्यावर बसता येत नाही.

बसता येण्याची अट मार्टेन बास या डच माणसाने पाळली. त्याने डच वास्तुकार रीटवेल्टची 1918 ची सरळ पट्ट्यांची लाल-निळी खुर्ची जाळून कोळसा केली आणि वर रेझिन चढवून पुन्हा वापरात आणली. मला मात्र त्याहून बंगळुरूचं काम अधिक पटतं. तिथे कलावंत अपर्णा राव आणि दीपक श्रीनाथ यांची ‘फँटम हँड्स’ ही कार्यशाळा जानरेच्या खुर्च्या नव्याने घडवते: सागवान, वेत, हाताचं विणकाम आणि सुतारकाम. कोणी याला नक्कल म्हणेल. पण मूळ खुर्चीही एका हाताची नव्हती, अनेक कारखान्यांत थोड्या फरकाने झाली होती. अशा वस्तूचा नवा अर्थ लावायचा तर तो रंध्यावरच लागतो.

आपल्या भागातल्या जुन्या शाळांत, कचेऱ्यांत सागवानी खुर्च्या असतील तर लिलावात काढण्याआधी एखाद्या जाणत्या सुताराला दाखवा. पाय आणि हात धड असतील, तर वेत नव्याने विणता येतो.